फोमच्या मगरीला कातडी चढवायला घेतलेलं लिक्विड लॅटेक्स: रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, पाल्हाळ नंतर. पाचपैकी चार. अर्धा मार्क वासाचा कापलाय आणि अर्धा झाकणाचा. माल चांगला आहे, पण वापरायचा कसा हे डब्यावर कुठेच लिहिलेलं नाही आणि ऑनलाइन जे रिव्ह्यू आहेत ते सगळे "नाइस प्रॉडक्ट, फास्ट डिलिव्हरी" छापाचे, त्यातून माणसाला काय कळणार, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

वस्तू अशी: प्री-व्हल्कनाइज्ड लिक्विड लॅटेक्स, एक किलोचा प्लास्टिकचा डबा, शिपिंग धरून 500 च्या आसपास पडला. कुठल्यातरी छोट्या रिपॅक करणाऱ्याचा माल आहे त्यामुळे ब्रँड लिहीत नाही, त्यापेक्षा डब्यावर काय लिहिलंय ते बघा. रबराच्या झाडाचा चीक, आपल्याकडे मुख्यतः केरळचा, तो सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घट्ट करतात, साधारण 60 टक्के रबर आणि बाकीचं बहुतेक पाणी, आणि डब्यातच गोठू नये म्हणून अमोनिया. "प्री-व्हल्कनाइज्ड" हा शब्द डब्यावर हवाच हवा, म्हणजे गंधकाची प्रक्रिया आधीच झालेली असते, तुम्ही नुसतं लावायचं आणि वाळू द्यायचं, भट्टी नको ओव्हन नको. कच्चा चीक मिळाला तर तो वाळूनही चिकट राहतो आणि ओढला की तुटतो. आणि रंगाच्या दुकानात जाऊन "लॅटेक्स द्या" म्हणालात तर तो भिंतीचा लॅटेक्स पेंट हातात देईल, त्यात रबराचा थेंब नसतो.

आता कशाला घेतलं ते. आमच्याकडे बडोद्यात गणपतीत मंडळाच्या मुलांचं छोटं नाटक असतं, दरवर्षी बाहुल्या मीच करते, यंदा माकड आणि मगरीची गोष्ट ठरली, ती जांभळं आणि काळीजवाली. माकड सोपं आहे हो, फर लावली की झालं. पण मगर! पुण्यामुंबईत एखादवेळेस हिरव्या फ्लीसची, पांढरे त्रिकोणी दात लावलेली मगर खपून जाईल, बडोद्याच्या पोरांपुढे नाही खपत. विश्वामित्री शहराच्या मधून वाहते, तिच्यात शेकडो मगरी, काळ्या घोड्याच्या पुलावर थांबून लोक मगर बघतात आणि मग कामाला जातात, 2024 च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा तर त्या सोसायट्यांमध्ये शिरल्या होत्या. ही पोरं पहिल्या रांगेत बसून मोठ्यांदा सांगणार की मगर हिरवी नसते. आणि बरोबरच आहे त्यांचं, नसतेच.

फोमबद्दल थोडक्यात. आतला सांगाडा मी 32 डेन्सिटीच्या गादीच्या फोममधून कापते आणि वरच्या कातडीसाठी 12 एमएमची सॉफ्ट शीट, दोन्ही मांडवीकडच्या गादीवाल्या काकांकडे मिळतं. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कई डेन्सिटी जोइए बेन?" आणि मगर करायचीय म्हटल्यावर दुकानातल्या पोराला हाक मारून तुकड्यांचं पोतंच बाहेर काढायला लावलं, त्यातले निम्मे फुकट दिले. कापायला लांब पात्याचा कटर, पातं सतत नवं, बोथट झालं की फोम फाटतो कापला जात नाही. चिकटवायला गादीवाले वापरतात तेच एसआर सोल्युशन, दोन्ही बाजूंना लावायचं, हाताला चिकटेनासं झालं की दाबायचं, खिडक्या उघड्या ठेवून. बस, फोमचं एवढंच, कारण फोम कोणालाही कापता येतो, बाहुली फसते ती कातडीत.

आणि कातडी फसते याचं कारण लोक सगळीकडे एकच टेक्स्चर देतात. एक ठसा बनवायचा आणि नाकापासून शेपटीपर्यंत ठोकत जायचं. मगरीचं तसं नसतंच मुळी. पाठीवरचे खवले ओळीत असतात, आपल्या विश्वामित्रीतल्या मगरीला साधारण चार उभ्या ओळी आणि आडव्या सोळा-सतरा, प्रत्येकाखाली हाडाची चकती असते म्हणून ते उभे राहतात. मानेवर चार मोठे खवले चौकोनात बसतात आणि दोन्ही बाजूंना एकेक छोटा. पोटावर सपाट चौकोनी. बगलेत आणि जबड्याच्या सांध्यात बारीक दाणेदार सुरकुत्या. आणि डोकं म्हणजे पूर्ण वेगळं प्रकरण, तिथे ओळ नाही माप नाही, नुसते वेडेवाकडे बहुकोन, डाव्या गालाचा नमुना उजव्या गालाशी जुळत नाही.

हे डोक्याचं मी इतकं का उगाळतेय तर त्याचा लॅटेक्सशी थेट संबंध आहे. 2013 मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की मगरीच्या डोक्यावरचे खवले अंगावरच्या खवल्यांसारखे एकेक करून उगवत नाहीत, तो वाढत्या कातडीत घडणारा भौतिक प्रकार आहे, तेव्हा ते त्याला तडे जाणं म्हणत होते. मग 2024 मध्ये त्यांनीच नाईल मगरीच्या अंड्यातल्या पिल्लांवर काम करून सुधारून सांगितलं की तडे नव्हे, घड्या. जबड्यावरची वरची कातडी खालच्या थरापेक्षा भराभर वाढते, पसरायला जागा नसते, म्हणून ती दुमडते आणि त्या घड्या एकमेकींना मिळून बहुकोन तयार होतात. दुधाची साय चमच्याने एका बाजूला ढकलली की कशी चुण्या घेते, तसंच.

म्हणजे बघा, डोक्याची कातडी कोरायची गोष्टच नाही. वरचा थर मोठा आणि खालचा छोटा करायचा, बाकीचं आपोआप होतं. आणि फोम + लॅटेक्स ही जोडी नेमकं हेच करते, फोम ताणला जातो आणि सोडला की परत येतो, लॅटेक्स त्याला चिकटून राहतं आणि दुमडतं. म्हणून मला हा डबा आवडला. बाकी कुठल्याच मटेरियलला हे इतकं छान जमत नाही.

कसं करायचं ते सांगते. 12 एमएमची शीट उलट्या पातेल्यावर ताणून बसवायची, कडेने सुतळीने करकचून बांधायची, म्हणजे ती दोन्ही दिशांनी ताणली जाते. पातेलं स्टीलचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं घ्या. पितळेचं किंवा तांब्याचं अजिबात नको, तांब्याचा अंश लागला की नैसर्गिक रबर कालांतराने चिघळतं, चिकट होतं, आजीची पितळी पातेली माळ्यावर असली तरी तिथेच राहू द्या. मग स्पंजच्या तुकड्याने लॅटेक्स टिपत टिपत लावायचं, ब्रशने ओढायचं नाही, ब्रशच्या रेघा राहतात. पहिला थर फोम पिऊन टाकतो, तो जास्त दिला तर फोम जड आणि ताठ होतो, म्हणून पहिला हात अगदी कोरडा. तो वाळला की दुसरा, मग तिसरा. पांढरं जाऊन पिवळसर पारदर्शक झालं की वाळलं समजायचं, मध्ये कुठे दुधी ठिपका दिसत असेल तर तिथे अजून पाणी आहे, थांबा. सगळं वाळल्यावर टाल्कम पावडर चोळायची, बेबी पावडर चालते, नाहीतर लॅटेक्स लॅटेक्सला असं धरतं की सोडवताना फाटतंच. आणि मग सुतळी सोडायची.

सोडल्यावर जे होतं ते बघायला घरातले सगळे जमले होते. शीट आकसते आणि पृष्ठभागावर चुण्यांचं जाळं उमटतं, कुठे लांबट, कुठे पंचकोनी, कुठे तीन घड्या एका बिंदूत मिळालेल्या. कोणी हाताने काढू म्हटलं तर येणार नाही, हात नकळत नमुना रिपीट करतो.

यात एक किल्ली आहे, थर जितका पातळ तितक्या चुण्या बारीक, थर जाड तर घड्या मोठ्या. म्हणजे नाकाडावर आणि डोळ्याभोवती दोन पातळ हात पुरे, जबड्याच्या मागे गालावर जिथे मोठे बहुकोन हवेत तिथे चार-पाच. एकाच शीटवर जाडी बदलत नेली की मोठ्याचे छोटे होत जातात आणि ते अगदी खरं दिसतं. मग ही शीट कोरलेल्या डोक्यावर एसआरने बसवायची, आणि ज्या दऱ्या अजून खोल हव्यात तिथे बारीक कात्रीचं टोक फिरवायचं, बास.

जबड्याच्या कोपऱ्यासाठी दुसरी रीत. तिथे बाहुली तोंड उघडते मिटते, म्हणजे कातडीला सतत घडी पडणार, ती घडी योग्य जागी पडावी म्हणून तोंड पूर्ण उघडं ठेवून, मध्ये फोमचा ठोकळा अडकवून, तसंच लॅटेक्स लावायचं. सोबत टिश्यू पेपरचा एकच पदर, कात्रीने नाही कापायचा, हाताने फाडायचा म्हणजे कड दिसत नाही, चुरगळून ओल्या लॅटेक्सवर ठेवायचा आणि वरून परत लॅटेक्स. वाळून पावडर लावून ठोकळा काढला की तोंड मिटताना कातडी आपोआप तिथे आणि तशीच गोळा होते. तोंड मिटलेलं ठेवून लावलं तर पहिल्याच "आ" ला तिथे ताण येतो आणि कातडी सुटते. जिथे फारच ताण आहे तिथे टिश्यूऐवजी जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा, तो फाटत नाही.

पाठीचे खवले मात्र लॅटेक्सचं काम नाही, तिथे ईव्हीए फोम. योगा मॅटवाला किंवा क्राफ्टच्या दुकानातला, 6 एमएम. चकत्या कापायच्या, मधे उभा कणा राहील अशा दोन्ही बाजूंनी तिरक्या छाटायच्या, हीट गन फिरवली की कडा गोल होतात आणि कापलेली उघडी बाजू मिटते. गरम असतानाच अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा दाबायचा, जुन्या राठ चामड्यासारखे खळगे उमटतात, हे जगभरचे कॉस्प्लेवाले (सिनेमा-कॉमिकमधल्या पात्रांचे वेश करणारे) करतात आणि फुकटात होतं. हीट गन फक्त ईव्हीएवर हं, आणि तीही गॅलरीत. गादीच्या पीयू फोमला सोल्डरिंग आयर्नने खवले "कोरायचे" व्हिडिओ फिरतात, ते कृपा करून करू नका, पीयू जळताना जो धूर निघतो त्यात सायनाइडसुद्धा असतं, बंद खोलीत तर विचारच नको.

पाय आणि बगलेच्या दाण्यांसाठी भाजी मंडई. खरंच सांगतेय. खंडेराव मार्केटमधून कारली आणली, काटेरी लांब नव्हे, ती जाड बोथट गुठळ्यांची, एक सीताफळ पण. अर्ध्यापर्यंत मातीत दाबायचं, तेलाचा पातळ हात, वर पीओपी ओतायचं, सेट झालं की भाजी काढून साचा धुऊन कडक उन्हात वाळवायचा, तेलाचा अंश राहता कामा नये. मग त्या साच्यात लॅटेक्स ब्रशने फिरवायचं. पीओपी पाणी शोषून घेतं म्हणून लॅटेक्स तिथे पटकन थर धरतं, दोन-तीन हात दिले की कातडी पावडर लावून सोलून निघते, पातळ, लवचिक, कारल्याच्या सगळ्या गुठळ्यांसकट. कडा पातळ ठेवा म्हणजे फोमवर लावल्यावर जोड दिसत नाही. कारल्याचे दाणे पायाला, सीताफळाचे फुगीर डोळे मानेच्या बाजूला. वहिनी म्हणाली भाजी फुकट गेली, नाही गेली, धुऊन रात्री कारल्याच्या काचऱ्याच केल्या. सीताफळ मात्र पिकलं नाही शेवटपर्यंत.

आता हे सगळं दुसऱ्या कशाने झालं असतं का? लाकडाचा पांढरा गोंद आणि टिश्यू, शाळेच्या प्रोजेक्टवाली पद्धत, स्वस्त आहे, स्टेजवर उभी राहणारी न हलणारी मूर्ती असेल तर उत्तम, पण हलणाऱ्या बाहुलीवर घडी पडली की तडकते आणि पावसाळ्यात दमट होऊन मऊ पडते. सिलिकॉन सीलंट, ट्यूबमधला, दिसायला ओला आणि मांसल दिसतो, ते मान्य, पण साधा रंग त्यावर धरतच नाही, सिलिकॉनवर सिलिकॉनच चिकटतं, म्हणजे रंगही सिलिकॉनमध्येच कालवून द्यावा लागतो, शिवाय वजन. हातात धरून अर्धा तास नाचवायची बाहुली आहे, खांद्यावर परिणाम लगेच कळतो. बेडूक किंवा गोगलगाय करायची असती तर मी सिलिकॉन घेतलं असतं कदाचित. मगर कोरडी असते, उन्हात पडलेली असते, तिला रबरच शोभतं.

रंगाला भरपूर वेळ ठेवा. नुसता अ‍ॅक्रिलिक वरून मारला तर लॅटेक्स ताणल्यावर तो पापुद्र्याने निघतो. म्हणून रंग लॅटेक्समध्येच कालवायचा, थोडासा अ‍ॅक्रिलिक, थेंब थेंब, खूप घातला तर रबर कमजोर होतं. आणि डब्यातला रंग बघून ठरवू नका, ओलं लॅटेक्स पांढरं असतं म्हणून मिश्रण फिकं दिसतं, वाळून पारदर्शक झालं की दोन-तीन शेड गडद होतं. आधी फोमच्या तुकड्यावर वाळवून बघायचं. मी बेस ठेवला तो मातकट राखाडी, किंचित शेवाळी छटा. पूर्ण वाढलेली मगर अशीच असते, पिल्लं फिकी आणि त्यांच्या अंगावर काळे आडवे पट्टे स्पष्ट, मोठेपणी ते पुसट होतात, म्हणून शेपटीवरच थोडे पट्टे ठेवलेत. पोट पिवळट पांढरं. मग पाणीदार गडद तपकिरी सगळीकडे फासून वरून ओल्या फडक्याने पुसायचा, तो दऱ्यांमध्ये राहतो, आणि इथेच त्या चुण्यांची मेहनत वसूल होते कारण प्रत्येक घडीत रंग आपला आपण जाऊन बसतो. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका राखाडी फक्त उंचवट्यांवर. विश्वामित्रीचा गाळ दाखवायला खरा वाळलेला गाळ चाळून पावडरीसारखा चोळलाय, पोटाजवळ आणि पायांवर.

आणि एक बारीक गोष्ट जी कोणी बघणार नाही पण मी केली: मगरीच्या अंगावरच्या खवल्यांवर कडेजवळ एकेक टिंब असतं, पाण्यातली हालचाल जाणवायचं इंद्रिय आहे ते, अमेरिकेतल्या अ‍ॅलिगेटरला ते फक्त जबड्यावर असतं, आपल्या मगरीला अंगभर. टाचणीच्या डोक्याने गडद रंगाचा ठिपका प्रत्येक खवल्यावर. भाच्याला कामाला लावलं, दहा मिनिटांत पळून गेला.

आता तक्रारी. वास. सेलरच्या पानावर "लो ओडर" लिहिलंय, ते वाचून हसू येतं, झाकण उघडलं की अमोनिया थेट डोळ्यात. पंखा, उघडी खिडकी, आणि शक्यतो जेवणाच्या वेळेच्या आसपास काम नको, आमच्या शेजारच्या काकूंनी बाथरूम धुताय का म्हणून दोनदा विचारलं. वाळल्यावर अमोनियाचा वास जातो, रबराचा राहतो काही दिवस.

झाकण. आतलं सील नीट नव्हतं, वाटेत थोडं गळून झाकणाच्या आट्यांमध्ये रबर होऊन बसलं होतं, पकडीने उघडावं लागलं. हे लॅटेक्समध्ये जास्तच त्रासदायक आहे कारण हवा लागली की डब्यात वरती पापुद्रा धरतो, त्याचे तुकडे मग कातडीत गाठी म्हणून येतात. मी आल्याआल्या छोट्या बरण्यांमध्ये काठोकाठ भरून ठेवलं आणि वापरताना जुन्या पायमोज्यातून गाळून घेते. कामाचा डबा वेगळा, त्यात उरलेलं परत मूळ बरणीत ओतायचं नाही. लिंबू, व्हिनेगर असलं काही आंबट जवळपास नको, थेंब जरी पडला तरी सगळं फाटून दही होतं. (दही म्हणजे अक्षरशः गुठळ्या.)

ब्रश खराब होतो हे गृहीतच धरा. बुडवायच्या आधी भांड्याचा साबण केसांमध्ये चोळून घ्यायचा, म्हणजे थोडा टिकतो, काम थांबलं की लगेच पाण्यात. चांगला ब्रश वापरूच नका, स्पंजचे तुकडे फुकट आहेत, तेच कापत जायचं आणि फेकायचं. कपड्यावर पडलं तर गेलं, ते निघत नाही, जुना गाऊन घाला.

पावसाळ्याचं काय ते पण लिहिते, कारण गणपती म्हणजे ऐन दमट दिवस. लॅटेक्स पाणी उडून वाळतं, हवेतच पाणी भरलेलं असेल तर ते बसून राहतं, मे महिन्यात जो थर चहा पिऊन येईपर्यंत वाळतो तो इथे अख्खी दुपार घेतो. घाईने जाड थर दिला तर वरून वाळतं आणि आत दुधी ओलं राहतं. पातळ थर, टेबल फॅन, आणि हेअर ड्रायर मंद गरमवर लांबून. ज्यांना जमेल त्यांनी कातडीचे तुकडे उन्हाळ्यातच करून पावडर लावून अंधाऱ्या डब्यात ठेवावेत, पावसात फक्त चिकटवायचं काम उरतं. चिकटवायलाही हेच लॅटेक्स चालतं, दोन्ही बाजूंना लावून जरा सुकलं की दाबायचं.

मुलांसाठी बाहुली करणाऱ्यांनी हे नीट वाचा: नैसर्गिक रबराची अ‍ॅलर्जी असते काही जणांना, फुग्याने किंवा रबरी हातमोज्यांनी ज्याला खाज येते, पुरळ येतं, श्वासाला त्रास होतो, त्याच्या हातात ही बाहुली अजिबात द्यायची नाही, नुसतं आतून कापड लावून भागत नाही. पालकांना आधीच विचारून ठेवा, मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला की काम होतं. आत मी सुती हातमोजा शिवलाय, तो घामासाठी आणि तेलासाठी. तेल हा रबराचा शत्रू आहे, खोबरेल लावलेल्या डोक्यावरून हात फिरवून तोच हात मगरीच्या नाकावर, असं चाललं तर नाक फुगून मऊ पडणार.

नाटक झाल्यावर ठेवताना: ऊन नको, पीयू फोम उजेडाने पिवळा पडून भुगा होत जातो आणि लॅटेक्सला बारीक चिरा पडतात, त्याही जिथे ताणलेलं असेल तिथे आधी. म्हणून तोंड अर्धवट मिटलेलं, मान सरळ, काही ताणलेलं नाही काही दुमडलेलं नाही अशी, पावडर लावून, सुती चादरीत. कितीही जपलं तरी लॅटेक्सची बाहुली पिढ्यानुपिढ्या टिकणारी नाही, हे घेतानाच माहीत असू द्या, लाकडाच्या बोलक्या बाहुल्यांचं गणित वेगळं.

एक किलोत किती होतं? साधारण चार फुटी मगरीचं डोकं, मान, पाय आणि पोट झालं, पाठीला ईव्हीए असल्यामुळे तिथे फक्त वरचा हात लागला, तळाशी थोडं उरलंय. ज्यांना नुसता हातमोज्याएवढा सरडा करून बघायचाय त्यांनी छोटी बाटली घ्या, उघडल्यावर हे फार दिवस राहत नाही. घेताना पॅकिंगची तारीख सेलरला मेसेज करून विचारा, मला विचारल्यावर मिळाली, पानावर नव्हती. डबा आल्याआल्या हलवून बघा, आत गोळा आपटल्यासारखं वाटलं तर उघडूच नका, फोटो काढून रिटर्न टाका, आणि फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, गोठलं की रबर वेगळं होतं, सावलीतलं कपाट बरं.